मोहगावचा समुद्र

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की पांढुर्ण्यात ते सगळ्यात आधी हाताला कळतं. कुणाच्या घरचं दार लोटा, बसच्या दांडीला धरा, तळव्याला संत्र्याच्या सालीचं तेल लागतंच. रस्त्याच्या कडेला तणसाचे ढीग पडतात. मंडीकडे जाणारे ट्रॅक्टर कॅरेटांनी भरलेले असतात आणि त्यांच्या मागे एखाददुसरं संत्रं घरंगळत येतं, ते कुणी वाकून उचलत नाही. सकाळी जाम नदीवर धुकं बसलेलं असतं. नागपूरहून येणाऱ्या गाडीतून मी उतरते तेव्हा तो आंबट-कडू वास फलाटावरच गाठतो. बरोबरचे लोक छाती भरून श्वास घेतात. मी ओढणी नाकाला लावते.

पांढुर्णा अजून छिंदवाडा जिल्ह्यातच होतं तेव्हाचा तो बहार. मी नागपूरला पीएच.डी. करत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. कपड्यांच्या बॅगेपेक्षा दुसरी बॅग जड होती. तिच्यात विभागातून मागून आणलेलं सूक्ष्मदर्शक होतं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलं होतं. घरी शांतता मिळेल, आईच्या हातचं खाता येईल आणि लिहून होईल असा बेत होता.

मी ज्यांच्यावर काम करत होते त्यांना ब्रायोझोआ म्हणतात. आई दर सुट्टीत विचारायची आणि दर वेळी मी तिला नव्यानं सांगायची. समुद्रातले इवलेसे जीव. एकटे राहत नाहीत, वसाहत करतात. प्रत्येकाची एक चुन्याची खोली, खोलीला एक दार, दारातून तोंड बाहेर काढून पाण्यातलं अन्न टिपायचं. जीव मरून जातात, खोल्या दगडात राहतात. पेन्सिलीच्या तुटलेल्या शिशाएवढ्या तुकड्यावर पाहावं तर ओळीनं दारंच दारं. जात ओळखायची तर खोलीचा आकार पाहायचा, दोन दारांमधलं अंतर मोजायचं, पिल्लं वाढवायची फुगीर खोली कुठं आहे ते शोधायचं. आणि बहुतेक वेळा नेमकी तीच झिजलेली असते. मग दिवसचे दिवस एका तुकड्यापुढे बसून राहायचं. आपण पाहतो ते खरंच त्या जिवाचं लक्षण आहे, की कोट्यवधी वर्षांच्या पाण्यानं खरवडलेला ओरखडा? या कामात माणूस शंकेखोर होतो. मी तर मुळातच होते.

माझे दगड धार जिल्ह्यातल्या बाग परिसरातले. तिथे नर्मदेच्या खोऱ्यात एके काळी समुद्र शिरला होता आणि जाताना लालसर पिवळा चुनखडक ठेवून गेला. हातात घेतला तर वाळूच्या वडीसारखा लागतो, आणि भिंगाखाली धरला तर तो सबंध ब्रायोझोआच्या तुकड्यांचाच बनलेला दिसतो. आमच्याकडे, पांढुर्णा-सौसरच्या बाजूला, तसलं काही नाही. आमच्याकडे काळा बसाल्ट, लाव्हाचा. दोन लाव्हांच्या मध्ये कुठे कुठे जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो. मोहगावच्या शिवारात त्या गाळात दगड झालेली लाकडं आणि फळं मिळतात. हे मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी बाबांनी दाखवलं होतं.

बाबा भूगोलाचे शिक्षक. आधी मोहगावला, मग सौसरला, आणि निवृत्त झाल्यावर पांढुर्ण्यात घर बांधून राहिलेले. आख्खा तालुका त्यांना गुरुजी म्हणायचा. वर्गाला शिवारात घेऊन जायचे, नांगरानं वर आलेलं दगडी लाकूड पोरांच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, जड काऊन लागते? उत्तर स्वतः कधी सांगायचे नाहीत. मोहगावला आमचं लहानसं शेत आहे, थोडी संत्र्याची झाडं आणि एक विहीर. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं. बाबा महिन्यातून एकदा जाऊन यायचे, आणि येताना त्यांच्या पिशवीत भाजीपेक्षा गोटे जास्त असायचे.

त्या सुट्टीत मी पोचले त्याच दिवशी दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर एक दगड ठेवला. मुठीएवढा, लालसर पिवळा.

"हे घे. तुह्या कामाचं हाय," म्हणाले. "आपल्या विहिरीतला. उन्हाळ्यात खोल केली ना, तवा निघाला."

मी हसत हसत भिंग लावलं, आणि माझं हसू थांबलं. ओळीनं दारं होती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते आज नीट सांगता येत नाही. मोहगावच्या विहिरीतून समुद्राचा खडक निघाला, याचा अर्थ त्या काळ्या लाव्हाच्या खाली समुद्र होता. जिथे कुणी त्याची कल्पना केली नव्हती तिथे. माझ्या बापाच्या शेतात. मी दगड परत परत फिरवून पाहत होते आणि बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. इतके खूश ते पुढे माझ्या नोकरीच्या वेळी झाले नाहीत, लग्नाच्या वेळी तर नाहीतच.

मी सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, फोन केला. ते भराभर बोलू लागले. कुणाला सांगू नकोस, फोटो पाठव, जाती ओळख, परिषदेसाठी सारांश पाठवायची मुदत जवळ आली आहे, हे त्याच्यात घालू. फोन ठेवताना त्यांनी एक प्रश्न विचारला: विहिरीतून निघताना तू स्वतः पाहिलास का? मी नाही म्हटलं. माझ्या वडिलांनी पाहिला, ते भूगोलाचे शिक्षक आहेत. मग हरकत नाही, असं ते म्हणाले.

हरकत होती, आणि ती मला त्याआधीच दिसायला लागली होती.

त्याच वर्षी दसऱ्याला आई-बाबा नागपूरला दीक्षाभूमीवर आले होते. मीही गेले होते. गर्दीत बाबांचा हात आईच्या हातातून सुटला. आम्ही शोधत राहिलो, आणि शेवटी ते पुस्तकांच्या एका दुकानापुढे उभे सापडले. पुस्तकं पाहून राहिलो होतो, असं म्हणाले. हातात पुस्तक नव्हतं. आम्ही दोघींनी ते मान्य करून टाकलं. आणि आता घरी आल्यावर मला दिसत होतं की ते चहा पिऊन झाल्यावर चहा विचारतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारतात. दुकानदार ओ देतो, कारण गुरुजी आहेत. आईला विचारलं तर ती म्हणायची, वय झालं आता, मले तं याच्याहून जास्त इसरते.

दगडाची गोष्ट ते रोज सांगू लागले, आणि ती रोज वाढत होती. पहिल्या दिवशी विहिरीतून निघाला एवढंच होतं. मग खोदणाऱ्याचं नाव आलं. मग दोरीनं टोपली वर कशी ओढली ते आलं, आणि पाण्यानं तो दगड कसा झळकत होता तेही. इतकं बारीक, इतकं डोळ्यांपुढे उभं राहणारं, की मी ते ऐकताना निर्धास्त होऊन जायची. पण एकदा आई भांडी आवरता आवरता सहज म्हणाली की ज्याचं नाव ते घेतात तो लक्ष्मण तर मी शाळेत असतानाच वारला. बाबांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कारण मला लख्ख दिसलं की आता दोन गोष्टी एकाच दगडाला बांधल्या गेल्या आहेत. मोहगावला समुद्र असेल तर माझे बाबा ठीक आहेत. आणि नसेल तर.

गजानन हा बाबांचा जुना विद्यार्थी, आता संत्र्याचा व्यापारी. त्याच्या जीपमधून मी मोहगावला गेले. बाबांना सांगितलं नाही, सौसरला मैत्रिणीकडे जाते म्हटलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला बागा फळांनी वाकल्या होत्या, झाडांना बांबूचे टेकू लावले होते. तोडणीच्या बायका डोक्याला फडकी बांधून फांद्यांत शिरलेल्या, फक्त त्यांचं बोलणं बाहेर येत होतं. गजाननला मी खरं काय ते सांगितलं होतं. तो म्हणाला, पोळ्याला जाम नदीवर एकमेकांना गोटे मारणाऱ्या, गोटमारीच्या गावातला मी माणूस, गोटा फेकाचा असते एवढंच माहीत होतं, पाहाचा असते हे गुरुजींनी शिकवलं.

विहीर खोल केली होती हे खरं होतं. बटईदार शेषरावांनी काठावर नेऊन दाखवलं. भिंती वरपासून खालपर्यंत काळ्या, मध्ये एक विटकरी पट्टा आणि पांढऱ्या खनिजाचे ठिपके. तळाशी पाणी, त्याच्या खाली काय ते दिसत नव्हतं. निघालेला मुरूम बांधावर पसरला होता. मी आणि गजाननने तो बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पायानं उकरला. सगळं काळं. मी शेषरावांना विचारलं, काम चालू होतं तेव्हा बाबा आले होते का?

"आले ना," ते म्हणाले. "गोटे पाहत बसले होते. एखादा नेला बी असन. माह्यं ध्यान नोतं."

म्हणजे दगड विहिरीतला असूही शकत होता. शेषरावांनी नाही म्हटलं असतं तर मी मोकळी झाले असते, हो म्हटलं असतं तरी. परत येताना जीपच्या मागे गजाननने घेतलेली संत्री होती आणि प्रत्येक खड्ड्यात ती एकमेकांवर आपटत होती. मला त्या आवाजाचाही त्रास होत होता.

आता साक्षीदार एकच उरला, तो दगड.

दगड फोडायचा तर बाबांना विचारणं भाग होतं. त्यांनी स्वतःच हातोडी आणून दिली. अंगणात पोतं पसरून मी त्याचे तुकडे केले, मऊ तुकडे आईच्या स्टीलच्या परातीत भिजत घातले, जुन्या टूथब्रशनं घासले, आणि गाळ बसल्यावर ओल्या कुंचल्याच्या टोकानं ब्रायोझोआची एकेक बारीक फांदी वेचली. काही तुकडे काचेवर पावडर टाकून घासत बसले. त्या करकरीनं आईचे दात आंबत, ती घरात जाऊन बसे. बाबा मात्र जवळ खुर्ची टाकून बसायचे. अधूनमधून विचारायचे, निघाला का तुहा समुद्र? मग चहा विचारायचे. थोड्या वेळानं पुन्हा चहा विचारायचे.

जाती ओळखायला मला बरेच दिवस लागले. एरवी मी इतका वेळ घेतला नसता. प्रत्येक तुकड्यात मी काहीतरी वेगळं शोधत होते. या खोल्या बागच्या जातीपेक्षा जरा लांबट आहेत का? ही कड जरा जाड आहे का? एखादी जरी जात मला अनोळखी निघाली असती तर दगड बागचा नसण्याची आशा होती. मोजमापं घ्यायची, पुन्हा घ्यायची, मग बागच्या डब्यातला तुकडा काढून शेजारी ठेवायचा. शाळेत परीक्षेचा पेपर देऊन आल्यावर उत्तरं ताडून पाहताना जसं एक डोळा झाकून पाहावंसं वाटायचं तसं वाटत होतं. हाताला संत्र्याचं तेल असायचं आणि ते डोळ्याच्या काचेला लागलं की सगळी वसाहत धुरकट व्हायची. मला बरं वाटायचं. पुसण्यात तेवढा वेळ जायचा.

पहिल्या तीन जाती बागच्याच निघाल्या. त्यावरून काही ठरत नव्हतं. तोच समुद्र इथवर आला असेल तर तेच जीव इथेही असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. चौथी जात फितीसारखी चपटी होती, आणि तिच्या खोल्यांमध्ये गेरूसारखी लाल माती गच्च भरलेली. तिला मी नजर पडताच ओळखलं. बागजवळच्या एका ओढ्याच्या काठी, हाताच्या वितीएवढ्या जाडीच्या एका थरात ती मिळते. वर नाही, खाली नाही. माझ्या प्रबंधाचं निम्मं प्रकरण तिच्यावर होतं. ही लाल माती, ही दारांची झिजलेली वरची कड, फांद्यांची एकाच बाजूला झालेली मोडतोड. आपल्या आळीतला माणूस पाठमोरा ओळखावा तशी मी तो दगड ओळखत होते. शास्त्राच्या भाषेत अजूनही थोडी शक्यता शिल्लक होती. माझ्या मनात नव्हती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई लसूण सोलत होती. मी तिला विचारलं की बाबा कधी धारकडे गेले होते का. तिनं वर पाहिलं नाही. शाळेची सहल घेऊन गेले होते, तुझ्या जन्माच्या आधी, असं तिनं सांगितलं. मांडू पाहिलं, बागची लेणी पाहिली, गोटे आणले. सौसरच्या घरी ते लोखंडी पेटीत होते, मग पेटीसकट इकडे आले. यंदा विहिरीवरून आले त्या आठवड्यात ते पेटी उघडून बसले होते.

मी म्हटलं, म्हणजे तुला माहीत होतं?

"मले त्याच दिवशी समजलं होतं," आई म्हणाली. "त्यायनं तुले तुह्या कामाची वस्तू देल्ली, मितू. तू बी खूश, ते बी खूश. मी कोणत्या तोंडानं सांगू?"

मग तिनं जे महिनोन्‌महिने एकटीनं उचललं होतं ते हळूहळू खाली ठेवलं. बाजारातून येताना रस्ता चुकले होते. गॅस चालू राहिला होता. एकदा तिलाच विचारलं होतं, की तुमच्या घरचे कधी येणार. ती सोलत राहिली, मी सालं गोळा करत राहिले. लसणाच्या सालांना वजन नसतं, पंख्यानं ती सारखी उडत होती.

सरांना मी त्याच दिवशी कळवलं की दगड मोहगावचा नाही. ते नाराज झाले. घाई करू नको, विहिरीचं पाणी उपसून तळ पाहू, म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी जातीचं नाव आणि लाल मातीचं सांगितलं. बाबांचं सांगितलं नाही.

पण गोष्ट तेवढ्यावर मिटणारी नव्हती. मी कुणाला सांगू नये म्हणून जपत होते आणि बाबा चहाच्या टपरीपासून बुद्धविहारापर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. मोहगावच्या त्यांच्या जुन्या शाळेत बातमी पोचली होती. तिथल्या मुख्याध्यापिका बाई त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी दिवाळीनंतर शाळा उघडली की गुरुजींचा सत्कार ठेवला होता, विषय होता आपल्या गावातला समुद्र. बाबांनी धोतर... नाही, त्यांचा तो करड्या रंगाचा सफारी इस्त्रीला दिला होता. आई म्हणत होती, जाऊ दे, पोरं टाळ्या वाजवतील, घरी येतील, कोणाचं काय बिघडते. मी दोन दिवस तिचं म्हणणं मनात घोळवलं. तिचं चुकत नव्हतं. पण आज ना उद्या कुणी विहिरीत उतरलं असतं, कुणी शिकलेला पोरगा परत आला असता, आणि गुरुजींनी थाप मारली असं बोललं गेलं असतं. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना आधी पाहा, मग बोला, असं शिकवलं त्याच्याबद्दल. ते मला सोसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर ते त्यांनाही सोसलं नसतं, ते कळण्याइतके ते अजून शिल्लक होते.

सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलं होतं. मी टेबल बाहेर आणलं, सूक्ष्मदर्शक लावलं, एका बशीत त्यांच्या दगडातली चपटी फांदी ठेवली आणि शेजारी बागची. कोणती कुठली ते सांगितलं नाही. पाहा म्हटलं. ते टोपी काढून वाकले. खूप वेळ पाहत होते. बोटानं बशी सरकवत होते, या तुकड्यावरून त्या तुकड्यावर. त्यांची मानेमागची शीर उडत होती, मी तिच्याकडे पाहत होते.

"दोन्ही एकच हायेत," ते म्हणाले. "लाल माती बी एकच."

मी म्हटलं, बाबा, एक तुमच्या दगडातली आहे, एक बागची आहे.

ते वाकलेलेच राहिले. मग हळूच सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग अपेक्षित होता, ते वाद घालतील असंही वाटलं होतं. ते माझ्याकडे पाहत होते ते वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरासारखं.

"मंग विहिरीतला कोणता होता?"

त्यांनी आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती, पदराला हात पुसत. तिच्याकडे पाहून त्यांना काय ते कळलं.

"म्हणजे मी इसरून राहिलो," ते म्हणाले.

बस. पुन्हा वाकून ते सूक्ष्मदर्शकातून पाहू लागले. त्यांना पाहायचं नव्हतं, तोंड लपवायचं होतं, एवढं मला समजत होतं. शेजारच्या घरी कुणीतरी तोडणीला जायला हाका मारत होतं.

सत्कार रद्द करायला मी फोन उचलला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मी जाणार, म्हणाले. गजाननच्या जीपमध्ये आम्ही तिघं मागे बसलो. वाटभर त्यांनी आईचा हात धरला होता. शाळेच्या मैदानात पोरं रांगेनं बसली होती, फळ्यावर निळ्या खडूनं लाटा काढल्या होत्या. हार घालायला बाई पुढे आल्या तर बाबांनी हातानं थांबवलं, आधी बोलतो म्हणाले. मध्येच विसरले तर, पुन्हा विहिरीचीच गोष्ट सुरू झाली तर, या भीतीनं मी त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या पुढे पुढे धावत होते.

ते विसरले नाहीत. त्यांनी पोरांना दगड दाखवला आणि सांगितलं की हा मी आपल्या विहिरीतला समजत होतो, तो तसा नाही. तो बागचा आहे. माझ्या मुलीनं तो कसा ओळखला ते त्यांनी सांगितलं, खोल्या, दारं, लाल माती, सगळं बरोबर, माझ्यापेक्षा सोपं करून. मग त्यांनी दगड टेबलावर ठेवला.

"मले आजकाल गोष्टी ध्यानात राहत नाही," ते म्हणाले. "तं मी काही सांगितलं, की घरी जाऊन तपासून पाहाचं. मी सांगितलं म्हणून खरं नाही समजाचं."

पोरांना टाळी वाजवावी की नाही ते कळेना. मुख्याध्यापिका बाईंनी हार टेबलावर ठेवला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. परतताना जीपमध्ये बाबा झोपून गेले, आईच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. मी पुढच्या काचेतून रस्ता पाहत होते आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडत होते.

मग नागपूरचे डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. नाव सापडलं त्या आजाराला. नाव सापडल्यानं माझ्या कामात पुष्कळ काही मिटतं. इथे काही मिटलं नाही. माझा प्रबंध पुरा झाला, मला शिकवायची नोकरी लागली, पांढुर्णा जिल्हा झालं, कलेक्टर कचेरीची पाटी लागली. बाबा तेवढ्या काळात एकेक करून गावं विसरत गेले, आधी दूरची, मग जवळची. भूगोलाच्या मास्तराचा नकाशा कडेकडेनं पुसत आला. मोहगाव सर्वांत शेवटी गेलं.

आणि मी माझी परीक्षा घेत राहते. गाडीत बसले की डोळे मिटून जातींची नावं म्हणते. परवा काटोल स्टेशन मागे पडल्यावर एक नाव आठवेना. रोजचं नाव, वर्गात अनेकदा उच्चारलेलं. नरखेड आलं तरी आठवेना. शेजारच्या बाईंनी मला पाणी विचारलं, बहुतेक माझा चेहरा पाहून. नाव मिळालं ते पांढुर्ण्याच्या फलाटावर, वास आला त्याच वेळी. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाकावर बसून घेतलं.

यंदा बहार चांगला आहे. काल सकाळी मी अंगणात टेबल मांडून काम करत होते. बाबा आतून भिंतीला धरत आले. माझं नाव त्यांनी घेतल्याला आता बराच काळ झाला. मला ते मॅडम म्हणतात, आदरानं, शाळेत तपासणीला आलेल्या कुणाला म्हणावं तसं. थोडं अंतर राखून ते उभे राहिले.

"पाहू का, मॅडम?"

मी खुर्ची दिली. त्यांचं डोकं धरून हळूच काचेजवळ नेलं, त्यांच्या डोळ्याला दिसेल असं जुळवून दिलं. त्यांचे केस आता कापसासारखे मऊ झालेत. ते पाहत राहिले. हाताची बोटं मांडीवर हळूहळू हलत होती, मोजत असावेत.

"किती घरं हायेत," ते म्हणाले. "कोणी राह्यते का यात?"

राहत होते, आता नाही राहत, मी म्हटलं.

ते पुन्हा पाहू लागले. ऊन त्यांच्या पाठीवर आलं होतं. मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, खरीखुरी, शेजारच्या घराबद्दल असावी तशी.

"पण दारं तं सारी उघडीच टाकून गेले. कोणी वापस येईन म्हणून ठेवली असन का?"

दारांना झाकणं असतात. ती मऊ असतात, दगडात टिकत नाहीत. हे मी दर वर्षी पहिल्या तासाला शिकवते.

"असन, बाबा," मी म्हटलं.